सुतकातला बडग्या

श्रावण सरता सरता वहिनी तापानं गेली. डेंग्यूच होता, दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडी तसंच सांगितलं होतं. तरी फवारणीच्या गाडीबरोबर आलेला साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाला, "या गल्लीत डेंग्यूनं कोणी गेलेलं नाही. तुम्ही लोक कूलरमध्ये पाणी साचवता, मग ताप येणारच." माझं डोकंच फिरलं. आमचा कूलर मृग लागताच रिकामा करून माळ्यावर गेला होता. पाणी साचलं होतं ते खोदून सोडलेल्या नालीत, त्याच्या बुटांपासून हातभरावर.

आजोबा त्यांच्या बापाकडून ऐकलेलं प्लेगच्या साथीतलं सांगायचे. याच मोहल्ल्यात माणसं पटापट मरत आणि घरचे प्रेत लपवत. सरकारी माणसाला कळलं तर अख्खं घर उचलून गावाबाहेरच्या झोपड्यांत टाकतील, ही धास्ती. वरून वस्तीच घाणेरडी, हेही ऐकायचं. तेव्हा मेलेलं माणूस आम्ही लपवायचो, आता साहेब लपवतात. शिव्या तेव्हाही आम्हालाच आणि आताही आम्हालाच.

भाऊ मात्र गप्प झाला होता. त्याला एकच हवं होतं, बायकोचं मरण डेंग्यूत मोजलं जावं. त्याशिवाय नाली बुजवायला कुत्रंही फिरकणार नव्हतं, आणि घरात दोन लेकरं होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे इडापिडा नेणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. रोगराई गावाबाहेर घालवायची, आणि ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या, म्हणजे भलामोठा पुतळा, मिरवून जाळायचा. भावानं बांबू आणले, पोत्यात तणस भरलं आणि पुतळ्याच्या नाकाला रुमाल बांधला. शेजारच्या काकू धावत आल्या.

"सुतक फिटलं नाही अजून. घरात बस ना गा! लोक काय म्हणतीन?"

भाऊ रुमालाची गाठ आवळत राहिला, म्हणून मीच म्हटलं, "मच्छराले सुतक समजते का वं काकू?"

त्या पुटपुटत गेल्या. आम्ही बडग्या उचलला.

चौकात ही गर्दी. "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" रुमालवाला बडग्या पाहून लोक खदखदा हसले. कोणीतरी विचारलं, "हा कोन होय गा?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भावाचा आवाज फुटला. "माही बायको डेंग्यूनं मेली! हा म्हनते, कोनीच नाही मेलं! मोजा तिले!"

हसू जागच्या जागी थांबलं. मग मागून एक बाई ओरडली, "माह्या पोराले बी मोजा!" आणि चौकाच्या चारही बाजूंनी माणसं आपापल्या मेलेल्यांची नावं घेऊन ओरडू लागली.