टिकलीचं वजन

मीटरकाकांनी तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. म्हणजे बरेचसे वाचले. ज्या फाटकाआड कुत्रा असे, त्या घरचा आकडा ते रस्त्यावर उभे राहूनच मनाने लिहीत. मागच्या दोन-तीन महिन्यांचा वापर बघायचा, थोडं वर-खाली करायचं आणि मुख्य म्हणजे तोच आकडा दोनदा लिहायचा नाही. साहेबांना संशय येतो तो सारख्या आकड्यांचा. या कलेत काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात मात्र यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं आणि नातीला तर आजोबांच्या चोख कामाचा भारी अभिमान होता.

नात बारा वर्षांची. आईवडिलांबरोबर पंधरा दिवस बाहेरगावी जाताना तिने आपले दोन गिनीपिग, भुऱ्या आणि टिकली, आजोबांच्या हवाली केले. वाळलेलं गवत कधी संपू द्यायचं नाही, पाण्याची बाटली रोज धुवायची, ढोबळी मिरचीचा एकेक तुकडा दोघांना द्यायचा. आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन करून वहीत लिहायचं. हे प्राणी दुखणं लपवतात, वजन तेवढं चुगली करतं, असं तिने दोनदा बजावलं.

गवत, पाणी, मिरची काकांनी इमानेइतबारे सांभाळलं. वजन केलं एकदाच. टिकली नऊशे दहा ग्रॅम भरली आणि काट्यावरून उडी मारून जी कपाटाखाली शिरली, तिला बाहेर काढेपर्यंत काकांच्या गुडघ्यांनी जीव काढला. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्चीत बसूनच लिहू लागले. नऊशे बारा, नऊशे आठ, नऊशे पंधरा. टिकलीचा मिरचीचा तुकडा तसाच पडून राहायचा. तो ते भुऱ्यापुढे सरकवत.

नात परतली. आल्या आल्या तिने टिकलीला उचललं आणि तिचा चेहरा उतरला. काटा साडेसातशे दाखवत होता. वहीत आदल्या दिवशीचे नऊशे अकरा होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. एका दिवसात एवढं वजन उतरलं म्हणजे पोटातच काहीतरी मोठं बिघडलंय, त्या म्हणाल्या; आजच पोट उघडावं लागेल, आणि एवढासा जीव ते सोसेलच असं नाही. मग त्यांनी विचारलं, आकडे नीट घेतलेत ना?

"आजोबांनी घेतलेत," नात म्हणाली. "जन्मभर त्यांनी तेच काम केलंय. ते चुकत नाहीत."

काट्यातच दोष असेल, असं काका पुटपुटले.

"भुऱ्यालाही मी त्याच काट्यावर ठेवलं, त्याचं बरोबर आलं की," नात म्हणाली.

आता पळायला वाट नव्हती. टिकली टेबलावर अंग चोरून बसली होती. काकांना नातीकडे बघवेना, म्हणून ते टिकलीकडे बघून बोलले.

"मी वजन केलंच नाही. पहिला दिवस सोडला तर सगळे आकडे मनाचे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटून बाजूला ठेवली. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. वजन हळूहळू उतरलेलं असणार हे कळल्यावर त्यांनी आधी टिकलीचं तोंड उघडून पाहिलं. मागच्या दाढा वाढून जिभेवर आल्या होत्या. बिचारीला घास गिळता येत नव्हता. दाढा घासून झाल्या, पातळ खाणं पिचकारीने भरवायचं ठरलं. आणखी दोन दिवस गेले असते तर हाताशी काही उरलं नसतं, असं त्यांनी निघताना सांगितलं, तेही नातीला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नात रागावली नाही. पूर्वीसारखीच त्यांच्याशी बोलत राहिली, आणि तेच काकांना जास्त लागलं.

पुढच्या रविवारी काका न सांगता जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण त्यांनी टिकलीला दोन्ही हातांनी अलगद काट्यावर ठेवलं, मग हात काढून घेतले आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून पाहिलं.

"सातशे नव्वद," ते म्हणाले.

"हो आजोबा," नात म्हणाली. तिने वाकून काट्यावर नजर टाकली, आणि मगच वहीत लिहिलं.