दुसरीच्या नावाला ओ

"गळ्यातलं कार्ड काढ."

कंपनीच्या कँटीनमध्ये, ऐन जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसचा साहेब मला असं बोलला. खालापूरच्या या कंपनीत लागून मला दोन महिने झाले होते. एका हातात ताट. दुसऱ्या हातानं कार्ड काढायला गेले, तर नाडी केसांत अडकली. साहेबानं हिसडा मारला. माझे चार केस त्याच्या बोटांत गेले. ते त्यानं शी करून झटकले.

"मार्च-एप्रिल ही बाई कुंभिवलीच्या ठेकेदाराकडं हजर, आणि आपल्याकडंही हजर. एका अंगानं दोन ठिकाणी! तुमच्या जंगलात हेच शिकवतात का गं?"

लोक हसले. रोज माझ्या डब्यातली सुकटाची चटणी खाणारी बाईसुद्धा हसली. तिचं हसणं अजून डोक्यातून जात नाही.

कुंभिवलीचं काम मी फेब्रुवारी संपताना सोडलं होतं. पी.एफ.च्या नोंदीत सोडल्याची तारीखच नव्हती. उलट पुढच्या दोन महिन्यांची हजेरी होती. साहेबानं छापील कागद पुढं केला. 'मी दोन्हीकडे काम करून फसवणूक केली, माफी असावी.'

"उद्या सही करून आण. नायतर घरी बस."

सुटल्यावर थेट ठेकेदाराकडं गेले. त्याला आम्ही शेठ म्हणतो. त्याच्या बापाच्या खाचरात माझी आजी भातलावणीला जायची. त्यानं मला पायरीखाली उभं ठेवलं.

"शेठ, मी कधी सोडलं ती तारीख लिहून द्या."

"तू सोडलंस कुठं? तुझ्या नावावर तुझी भावजय येत होती. एक ठाकरीण गेली, दुसरी आली. मला कामाशी मतलब."

घरी भावजय चुलीपुढं होती. विचारलं तर रडायलाच लागली.

"शेठ बोलला, नणंदंचं कार्ड हाय, त्याच्यावरच ये. मला वाटलं तुला ठावं हाय."

तिला काय बोलू? कशेळ्याच्या वरच्या अंगाला आमची ठाकरवाडी, तिथं ही रीतच. एक आजारी पडली की दुसरी तिच्या कार्डावर शेठच्या जीपमध्ये बसते. हजेरी बुडू नये म्हणून. आम्ही त्याला मदत म्हणायचो. पंधराव्या वर्षी मीच आईच्या कार्डावर याच शेठकडं उभी राहिले. आई तापानं पडलेली. मुकादम आईचं नाव पुकारायचा, मी ओ द्यायची. आई मेली. तिच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यानं तिचंच नाव पुकारलं. मी ओ दिली. वर्षभर देत राहिले.

हे आठवलं आणि अंगाची आग झाली. शेठला आमची तोंडं कधी दिसलीच नव्हती. आणि आम्ही मुकाट ओ देत होतो. स्वतःचीच चीड आली मला.

दुसऱ्या दिवशी माफीचा कागद सही न करताच परत नेला. सोबत माझ्या हातानं लिहिलेला अर्ज. मी कधी सोडलं, माझ्या जागी कोण उभं राहिलं, कुणी उभं केलं. खाली भावजयीनं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

साहेबानं वाचला. "हे लफडं नको मला. माफीवर सही कर, नोकरी राहील."

"नाय करणार. मी चोरी नाय केली. अर्जावर शिक्का मारून पोच द्या."

"चालती हो."

पोच मिळेपर्यंत मी हलले नाही. पोच मिळाली. नोकरी गेली.

अर्जाची बातमी शेठपर्यंत गेली. त्याची जीप आता वाडीवर बायांना न्यायला येत नाही. विहिरीवर बाया मला ऐकवतात, "तुझ्या एका तारखेपायी आमच्या चुली विझवल्यास गं." भावजय माझ्याशी बोलत नाही. वाईट वाटतं, फार वाटतं. पण अर्ज मागं घेणार नाही.

उद्या पी.एफ.च्या ऑफिसात जाणार. आधी माझी तारीख दुरुस्त करून घेणार. मग आईची. ती मेल्यानंतर तिच्या नावावर लागलेली एकूण एक हजेरी मी खोडायला लावणार आहे. आई तिथं नव्हती. तिथं मी उभी होते.