नामदेव मढवीचा उजवा हात

तळवलीच्या नामदेव मढवीला कंपनीच्या खाकी शर्टात पाहिलं असतं, तर हा पाण्याचा माणूस आहे असं कुणालाच वाटलं नसतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात तो हेल्पर होता. पिंपं हलवायची, फरशी धुवायची आणि कुणीही हाक मारली की "हो साहेब" म्हणायचं. कालची पोरंसुद्धा त्याला अरेतुरे करायची. तो ऐकून घ्यायचा, कारण ऐकून न घेणाऱ्याला जायला कुठेतरी जागा लागते आणि त्याची जागा केव्हाच गेली होती.

ती जागा म्हणजे खाडी. बापाची होडी होती, घरची थोडी भातशेती होती. बायकोनं चूल पेटवून हाक मारली तर होडीत ऐकू यायची, इतकं पाणी जवळ होतं. सत्तरच्या सुमाराला नवं शहर येणार म्हणून जमीन सरकारात गेली. पाठोपाठ कारखाने आले, त्यांचं पाणी खाडीत उतरलं आणि मासे पोटं वर करून किनाऱ्याला लागू लागले. नामदेवनं काही वर्षं तग धरला. मग होडी चिखलात पडून कुजली आणि त्याच्या बायकोनं, पुतळानं, एका पावसाळ्यात तिच्या फळ्या चुलीत घातल्या. त्यांची एकुलती एक लेक वैशाली तेव्हा इतकी लहान होती की त्यातलं तिला काहीच आठवत नव्हतं. तिला आठवायचा तो खाकी शर्टातला बाप.

ही वैशाली पुढे वाशीच्या कॉलेजात जाऊ लागली. तिच्या वर्गात अरुणा शेंडे होती, म्हणजे नामदेवच्या सुपरवायझरची, नंदकुमार शेंड्यांची मुलगी. पोरगी वाईट नव्हती. तुम्ही खाडीवरचे ना, मग तुझ्या बाबांना पोहता येत असेल, असं तिनं सहज विचारलं. वैशालीनं बापाला पाण्यात कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन तिनं तोच प्रश्न नामदेवला विचारला आणि तो जेवता जेवता थांबला. पोहता येतं का, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तळवलीत असलं कुणी विचारत नसे. त्या दिवसापासून त्याच्या मनानं घेतलं की एकदा, एकदाच, पोरीनं आपल्याला पाण्यात बघायला हवं.

योग आला तो शहाऐंशीच्या दिवाळीत. कंपनीतली चार कुटुंबं सुट्टीला गोव्याला निघाली आणि शेंड्यांनी मोठ्या मनानं नामदेवलाही बरोबर घेतलं. पुतळानं आधी नाक मुरडलं. सगळा जन्म पाण्याकाठी काढला आणि आता पाणी बघायला इतक्या लांब कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. तिचं काही चुकत नव्हतं.

तिथल्या किनाऱ्यावर नवीनच खेळ निघाला होता. पायांत दोन लांब फळ्या बांधायच्या, पुढच्या मोटारबोटीला बांधलेला दोर हातात धरायचा आणि बोट सुटली की उठून पाण्यावरून घसरत जायचं. शेंडे साताऱ्याकडचे, विहिरीत पोहलेले. ते हौसेनं गेले, उठायच्या आधीच पालथे झाले आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत, हसत परत आले. मग त्यांनी नामदेवला पुढे केलं. तू तर खाडीवाला, आता तूच कंपनीची अब्रू राख, म्हणाले. सगळे हसले. नामदेव हसला नाही. त्यानं शर्ट काढून पुतळाच्या हातात दिला, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेला.

बोटवाल्यानं त्याला एवढंच सांगितलं, "गिरेगा तो रस्सी छोड देना. बाकी कुछ नहीं."

नामदेवनं मान हलवली. त्याला कळलं होतं. पण त्याच्या डोक्याला कळलं होतं, हातांना नाही. हातांना बापानं वेगळं शिकवलं होतं. त्याचा थोरला भाऊ सिताराम खाडीच्या तोंडाशी वादळात होडीतून पडला होता. बापानं दोर टाकला, तो त्यानं धरलाही, पण मध्येच त्याच्या हातून सुटला आणि सिताराम परत दिसला नाही. त्यानंतर बाप फारसा बोलत नसे. नामदेवला होडीत घेताना मात्र रोज त्याच्या मुठीत दोर द्यायचा आणि म्हणायचा, "हात गेला तरी चालंल पोरा, दोर सोरायचा नाय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं ते बोलणं नामदेवच्या मुठीत राहिलं होतं.

बोट सुटली. आणि नामदेव उठला. पहिल्याच झटक्याला उठला. गुडघे किंचित वाकवून, छाती पुढे काढून तो पाण्यावर उभा राहिला. त्याच्या निमुळत्या होडीत तो असाच उभा राहायचा. खारं वारं तोंडावर येत होतं. त्याला हसू फुटलं. बारा-तेरा वर्षांत तो इतका खूश झाला नव्हता. शेंडे तोंडात बोट घालून बघत राहिले आणि पुतळानं शर्ट छातीशी धरला.

वैशालीनंही त्याला उठताना पाहिलं असतं. पण बोट सुटताना फळ्यांची नुसती टोकं पाण्याच्या वर दिसली मात्र, ती धावत सुटली. अरुणा मागे नारळपाणी पीत बसली होती, तिला आधी दाखवायला हवं होतं. तिनं अरुणाचा हात धरून तिला ओढत आणलं, "बघ, माझे बाबा," म्हणत. दोघी पाण्यापाशी पोचल्या तेव्हा एक लाट आडवी आली होती आणि नामदेव पडला होता.

पडला, पण त्यानं दोर सोडला नाही. बोटवाला पुढे बघत होता. नामदेव तोंडावर पालथा, पाण्याखाली, पाण्यावर, पुन्हा पाण्याखाली असा फरफटत गेला. किनाऱ्यावरून सगळे ओरडत होते, छोड, छोड. वैशाली सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती, "बाबा, सोड तो!" त्याला ऐकू येत होतं. त्यानं मूठ उघडायचा प्रयत्नही केला असेल, पण ती उघडली नाही. बोट थांबली तेव्हा खांदा निखळला होता. दोर मात्र दोन माणसांनी त्याच्या बोटांतून सोडवून घेतला.

तिथल्या डॉक्टरनं खांदा बसवला, पण आत काहीतरी तुटलं ते तुटलंच. उजवा हात कमरेच्या वर येईना. कंपनीनं त्याला पिंपांवरून काढून गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना गोव्याची गोष्ट कळली आणि काही दिवस लोक गेटमधून आत येताना "नामदेव, छोड" म्हणून हसत गेले. घरी वैशालीनं एकदाच विचारलं की का सोडला नाहीस. तो म्हणाला, "आपल्यात दोर सोरत नाय." आपण आधी चांगला उभा राहिलो होतो, हे तिला सांगावं असं त्याला फार वाटलं. पण बघितलं नाही त्याचं सांगून काय करायचं, म्हणून तो गप्प बसला. पुतळानं एकदा सांगायला तोंड उघडलं तर त्यानं तिलाही गप्प केलं.

तीन वर्षांनी वैशालीला बघायला उरणकडची माणसं आली. मुलाचा मामा म्हणजे मोठा नाखवा, त्याच्या स्वतःच्या होड्या समुद्रावर जायच्या. नामदेवनं त्याला डाव्या हातानं सुपारी दिली. नाखव्यानं ती घेतली नाही. शुभ कामाला डावा हात पुढे येतो हे त्याला खटकलं आणि उजव्याला काय झालं, असं त्यानं स्पष्टच विचारलं.

नामदेवनं तोंड उघडायच्या आत चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली वैशाली बोलली. बघायला आलेल्यांपुढे मुलीनं बोलायची रीत नव्हती, तरी बोलली. "कंपनीत मशिनीत सापडला," ती म्हणाली. बापाला या नाखव्यापुढे कुणी हसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

नाखव्याचा चेहरा लगेच निवळला. मशीन वाईटच, असं म्हणून त्यानं सुपारी घेतली आणि नामदेवला मानानं आपल्या शेजारी बसवलं. मग आपुलकीनं विचारलं, "आनि त्याच्या आधी? खाडीवर जायचात का कधी?"

पुतळानं मान वर केली. नामदेवनं वैशालीकडे पाहिलं. ती कपांकडे बघत उभी होती. खाडीचं बोलणं निघालं की दोराचं निघणार आणि तिचं खोटं उघडं पडणार.

"नाय," नामदेव म्हणाला. "मी पहिल्यापासून कंपनीतच. मला पानी ठाव नाय."