धार नसलेलं पाणी

लकव्यानंतर ह्यांची वाचा परत आली ती दवाखान्यातच. पहिली दोन-तीन वाक्यं आम्हाला कुणालाच कळली नाहीत. मग एक स्पष्ट कळलं. ते डॉक्टरांना विचारत होते, "सीढ़ी उतर पाऊँगा?"

घरातल्या चार पायऱ्या उतराल, डॉक्टर म्हणाले. पण ह्यांना घरातल्या नको होत्या. त्यांना रामघाटाच्या हव्या होत्या, त्या उंच, उभ्या दगडी पायऱ्या. डॉक्टर बनारसचेच. त्या पायऱ्या त्यांना ठाऊक होत्या.

आमचं घर घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. ह्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेलं, मराठी, भिक्षुकीचं; ह्यांनी मात्र जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं. पण पहाटेची गंगा चुकवली नाही. आणि त्यांचं गंगास्नान म्हणजे डुबकी मारून परत फिरणं नव्हे. माघातली थंडी सोडली तर एरवी तासभर पोहणं. चार माणसं पायरीवर उभी राहून बघायची. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला लोखंडी साखळी दाखवली. पायरीत ठोकलेली. ती धरायची, कमरेएवढ्या पाण्यात बुडी मारायची आणि वर यायचं. मी तेच करत आले. पाण्याच्या काठी सगळा जन्म गेला, पण पाण्यात माझा हात कधी मोकळा नव्हता.

झटक्यानंतर दोन वर्षं गंगाच वर यायची, कळशीतून. शेजारचे एक गृहस्थ आपलं स्नान उरकून आमची कळशी भरून आणायचे. हे न्हाणीघरात स्टुलावर बसून त्यातलं तांब्याभर पाणी डोक्यावर घ्यायचे, बाकीची अंघोळ नळाच्या पाण्याने. पुतण्या एकदा म्हणाला, "काका, खुर्चीत बसा, आम्ही चौघं उचलून खाली नेतो. पाच मिनिटांचं काम." ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो विषय परत काढला नाही. मला वाटलं, मानी माणूस, लाज वाटत असेल.

आमची एकुलती एक मुलगी स्पेनमध्ये असते, भूमध्य समुद्राच्या काठच्या एका शहरात. ती दर फोनवर बोलवायची. "बाबा, इथे या. हवा चांगली आहे. नातीबरोबर राहाल." हे हसून म्हणायचे, "तुझे पणजोबा कलकत्त्याला गेले तेव्हाही बंदरापासून लांब उभे राहिले होते, समुद्र ओलांडल्याचं पाप नको म्हणून." पण पाप-बिप हे सगळं सांगायला. खरं कारण विमानतळावरची चाकांची खुर्ची होतं. शेवटी मुलीने तिकिटंच पाठवली आणि आम्ही जूनमध्ये गेलो. विमानतळावर खुर्चीत बसताना ह्यांनी डोळे मिटून घेतले, थेट विमानात बसेपर्यंत.

तिथे पोचल्यावर दुसऱ्याच रविवारी मुलगी आम्हाला समुद्रावर घेऊन गेली. जावई कामासाठी दुसऱ्या गावी गेले होते, म्हणून आम्ही चौघंच: आम्ही दोघं, मुलगी आणि पाच वर्षांची नात.

मी समुद्र म्हणजे लाटा समजत होते. लहानपणी आईवडिलांबरोबर एकदा पुरीला गेले होते, तिथल्या लाटेने माझी चप्पल नेली होती. इथे तसलं काही नव्हतं. दोन्ही बाजूंनी दगडांचे बांध समुद्रात गेलेले, मध्ये बारीक पिवळट रेती आणि पाणी अगदी निवांत. काठाशी येऊन नुसतं हलत होतं. लोक लांबवर आत गेलेले, तरी गुडघ्याएवढ्याच पाण्यात. छत्र्या रोवलेल्या. एक कुटुंब कलिंगड कापत होतं. ओळीने म्हाताऱ्या बायका घडीच्या खुर्च्या पाण्यातच मांडून, पाय बुडवून गप्पा मारत बसल्या होत्या. आमच्या घाटावर दुपारी पायऱ्यांवर बसतात तशाच, फक्त कपडे फारच कमी. मी सलवार-कमीजमध्ये होते आणि सगळे माझ्याकडे बघणार म्हणून अंग चोरून चालत होते. कुणीसुद्धा बघितलं नाही.

रेतीवर लाकडी फळ्यांची वाट होती, पाण्याच्या जरा अलीकडपर्यंत. तिच्यावरून हे काठी टेकत शेवटापर्यंत आले. तिथे छत्रीखाली बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी मुलीला विचारलं, "धार कुठल्या बाजूला आहे?"

"धार नाहीये, बाबा."

"धार नाही असं होईल कसं?"

"समुद्र आहे. इथे बांधाच्या आत पाण्याला ओढच नसते. म्हणून तर लोक लहान मुलांना घेऊन येतात."

ह्यांचा विश्वास बसला नाही. नात पाण्यात रबरी बदक घेऊन खेळत होती. ते बदक तिने सोडलं की कुठे जातं याच्यावर त्यांनी नजर ठेवली. बदक जिथल्या तिथे डुलत राहिलं.

तिथे निळ्या जाळीची एक खुर्ची ठेवलेली होती. जाड, फुगवलेली पिवळी चाकं, हात ठेवायच्या जागी तरंगणारे फुगे. ज्यांना चालता येत नाही त्यांना पाण्यात नेण्यासाठी. लाल चड्डीतली दोन माणसं तिच्यापाशी होती, एक धिप्पाड पुरुष आणि एक तरुण मुलगी. आमच्या मुलीने आधीच त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. ह्यांच्याही लक्षात आलं.

"मी त्यात बसणार नाही," ते म्हणाले.

"बाबा, पण का? इथे कोण ओळखतंय आपल्याला?"

"ओळखीचा प्रश्न नाही."

"मग?"

ते अगदी हळू म्हणाले, "रामघाटावर मी जन्मभर बघितलं आहे. चौघं उचलून माणसाला गंगेवर कधी नेतात, ते तुला सांगायला नको. मी त्या दिवशी जाईन. त्याच्या आधी नाही."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी समुद्राकडे. दोन वर्षं मी त्याला मानीपणा समजत होते. भीती आहे हे मला सुचलंच नव्हतं.

मुलीने पुढे आग्रह केला नाही. डबा उघडला. आम्ही पराठे आणि लोणचं खाल्लं. तेवढ्यात फळ्यांवरून एक म्हातारी आली. नव्वदीची असेल. ओठांना लाल रंग, डोक्यावर मोठी टोपी आणि दोन्ही हातांत कुबड्या. ती स्वतःच त्या खुर्चीत धपकन बसली आणि त्या दोघांना भरभर काहीतरी बोलायला लागली.

"काय म्हणते?" ह्यांनी विचारलं.

मुलगी हसली. "त्यांना ओरडतेय. म्हणते, तुम्हाला उशीर झाला, माझ्या मैत्रिणी केव्हाच आत गेल्या."

त्या दोघांनी खुर्ची पाण्यात ढकलली. ती म्हातारी पार त्या पाण्यात बसलेल्या बायकांच्या घोळक्यात गेली आणि तिथेच तरंगत गप्पा मारू लागली. मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. हे तिला बघत होते. पराठा हातात तसाच.

अर्ध्या-पाऊण तासाने ती परतली. कुबड्या हातात घेताना तिचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. काठीकडे, मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे. तिने ओल्या खुर्चीवर दोनदा थाप मारली आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, आता तुमची पाळी. खुर्ची ओली आहे, पण पाणी छान आहे."

ह्यांनी उजवा हात जोडल्यासारखा छातीशी नेला. ती गेली. मग ते मला म्हणाले, "अगं, माझा सदरा काढ."

खुर्ची पाण्यात शिरताना मी त्यांचा डावा हात धरला होता. लाल चड्डीतली ती दोघं मागून ढकलत होती, मुलगी पुढे, नात माझ्या कमीजला लोंबकळून. पाणी कोमट होतं. गुडघ्यापर्यंत आलं, मग मांड्यांपर्यंत. खुर्ची जमिनीवरून सुटली आणि अलगद उचलली गेली. ह्यांचा चेहरा ताठ झाला.

"धार?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी हाताने पाणी घेतलं, सवयीने आचमन केलं आणि लगेच थुंकलं. "अरे राम राम! नुसतं मीठ!" नात खिदळायला लागली. "आबा, पीत नाहीत ते!" तिला वाटलं, आजोबांना एवढंही माहीत नाही. ते हसले. मग त्या धिप्पाड माणसाने खुणेने विचारलं, खुर्चीतून बाहेर यायचं का? ह्यांनी मान डोलावली. दोघांनी त्यांना पाठीखाली हात देऊन पाण्यावर आडवं केलं आणि हात हळूच काढून घेतले.

ते तरंगले. डोकं मागे, कान पाण्यात, डोळे आभाळाकडे. दोन वर्षं मी त्या डाव्या पायाचं वजन रोज उचलत होते. कपडे घालताना, पलंगावर ठेवताना. पाण्यात त्याला वजनच नव्हतं.

मग त्यांनी पोहायचं ठरवलं. उजवा हात मारला. एकच हात चालत असल्यामुळे ते पुढे न जाता गोल फिरले. परत मारला, परत गोल. गंगेत एवढं पोहलेला माणूस जागच्या जागी गिरक्या घेत होता. मुलगी त्यांना धरायला निघाली. मी तिला थांबवलं, कारण त्यांचा आवाज येत होता. आधी मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. तोंडात पाणी जात होतं, ठसका लागत होता, आणि तरी हसत होते. "बघ, बघ," मला म्हणाले, "मी कुठेच जात नाहीये!"

पुढे उजवा पाय कसा मारायचा ते त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. दहा-बारा हात सरळ गेले. नातीला मुलीकडे देऊन मी त्यांच्या बाजूने चालत होते आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की पाणी माझ्या छातीपर्यंत आलं आहे आणि मी काहीच धरलेलं नाही. त्यांचा हातसुद्धा नाही. पायाखाली रेती होती, मऊ, सपाट. मी तशीच उभी राहिले.

आम्ही तिथे पुढचे सगळे रविवार गेलो. टोपीवाली म्हातारी ह्यांना लांबून हात करायची. एकदा तिने त्यांना जर्दाळू दिले. ह्यांनी तिला संस्कृतात धन्यवाद दिले. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण ती खूश झाली.

बनारसला परत आलो तेव्हा पूर ओसरत होता. मला आशा होती की आता ते पुतण्याला हो म्हणतील. नाही म्हणाले. "तिथली गोष्ट वेगळी. इथे घाटावरून उचलून नेलेला मी चालत परत आलो, तरी गल्लीतले लोक मला मेलेलाच बघतील." मला वाईट वाटलं, रागही आला. पण माणूस एका उन्हाळ्यात किती बदलणार?

कार्तिकात पलीकडच्या काठावर रेती वर आली. हे गच्चीत ऊन खात बसले होते. तिथून दोन घरांच्या फटीतून पलीकडचा पट्टा दिसतो. अचानक म्हणाले, "पायऱ्या या बाजूला आहेत. त्या बाजूला कुठे आहेत?"

मला आधी अर्थच लागला नाही. बनारसचा माणूस स्नानाला पलीकडे जात नाही. काशी या तीरावर, पुण्य या तीरावर. पलीकडे मुलं पतंग उडवतात, प्रवासी घोड्यावर बसून फोटो काढतात.

"पुण्य?" मी विचारलं.

"पुण्य राहू दे. पाणी तेच आहे."

आम्ही पुतण्याला घेऊन ई-रिक्शाने राजघाटच्या पुलावरून पलीकडे गेलो. मोटारसायकलींनी दाबून घट्ट केलेल्या वाटेने रिक्शा रेतीवर बरीच आत गेली. पुढचं अंतर हे एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला पुतण्याचा खांदा, असे चालले. मधे दोनदा बरोबर नेलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. काठाशी पाणी उथळ होतं. पुतण्याने आणि एका नाववाल्याने दोन्हीकडून धरलं. इथे धार होती, ती काठाशीसुद्धा पायांना जाणवत होती, म्हणून पोहणं नाही. ते रेतीवरच, पाण्यात बसले. छातीपर्यंत गंगा. डोक्यावरून तीनदा पाणी घेतलं. मग डोळे उघडून त्यांनी समोर बघितलं. सगळा घाट एका रांगेत समोर होता, गल्लीतली आमची गच्चीसुद्धा. तिथे माझ्या वाळत घातलेल्या साड्या दिसत होत्या, असं ते म्हणाले. मला काही दिसल्या नाहीत.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, म्हातारपणी मास्तरांनी काशी सोडली. आमच्या समोरच्या घरात एक वयस्क बाई आहेत, गुडघेदुखीने पार थकलेल्या, घाट पाहून किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नाही. त्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "तिकडे खरंच पायऱ्या नाहीत?"

"एकही नाही."

"मग पुढच्या खेपेला मलाही घेऊन चला. रिक्शात जागा होईल ना?"

होईल, मी म्हणाले.