चोवीसवर राहिलेला पाना

हे लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही; म्हणून आधीच क्षमा मागतो. जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून तेहतीस वर्षे मी इतरांचीच वाक्ये लिहिली. स्वतःचे एखादे वाक्य छापून यावे असे कधी वाटले नाही, आणि एकोणसत्तराव्या वर्षी ते वाटू लागावे यात काही शोभा आहे असेही नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते रघुनाथ देवरे, म्हणजे आमचे नाना, कोणी नामांकित गृहस्थ नव्हते. सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये ते फिटर होते, गंगापूर रोडला माझ्या शेजारच्या घरात राहत होते, आणि सहा आठवड्यांपूर्वी गेले. त्यांच्या कामाविषयी त्यांचे सहकारी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले लिहितील. परंतु एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती... नानांनासुद्धा नाही.

त्या सकाळी मी कुंपणापाशी जास्वंदीला पाणी घालत होतो. पलीकडून वहिनी आल्या. नानांच्या पत्नीला मी वहिनीच म्हणतो. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "साहेब, जरा येता का? मी यांना केव्हाची हाक मारतेय, हे ओ देत नाहीयेत." मी गेलो. नाना कुशीवर होते, उजवा हात उशीवर उघडा पडलेला. झोपेतच हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. जमलेल्यांपैकी दोघातिघांनी भाग्याचे मरण म्हटले. मी मात्र त्या हाताकडे पाहत उभा होतो आणि मनात एकच विचार होता, की आता सांगता येणार नाही.

त्या हाताविषयी आधी थोडे लिहायला हवे. नानांच्या कारखान्यात त्याला 'मीटर' म्हणत. एखादा बोल्ट किती आवळला गेला आहे हे ते बोटांनी ओळखत, आणि मोजून पाहिले तर फरक निघत नसे, असे त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी मला सांगितले आहे. मला यंत्रातले काही कळत नाही. माझा पुरावा घरगुती आहे. लोणच्याच्या बरणीचे झाकण ते वहिनींना उघडता येईल इतकेच लावत. सैलही नाही आणि घट्टही नाही. वहिनी नसतील तेव्हा ती बरणी माझ्याने उघडत नसे, कारण माझ्या हाताला वहिनींइतका जोर नाही, हेही त्यांनी हसत हसत सिद्ध करून दाखवले होते.

निवृत्तीनंतर ते दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर दुरुस्त करायला गेले आणि येताना एक मोटार घेऊन आले. परदेशी बनावटीची, लाल, बुटकी, दोनच माणसांची. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात हे मला त्या दिवशी कळले. बागायतदाराच्या मुलाने हौसेने आणलेली ती गाडी कित्येक वर्षे प्लास्टिकच्या क्रेटखाली पडून होती. वहिनींनी दारातूनच विचारले, "हिच्यात मागे कोण बसणार?" नाना म्हणाले, "मागे नाहीच." "मग मुलगी-जावई आले की?" "ते रिक्षाने येतील." घराच्या बाजूला पत्र्याची शेड उभी राहिली, वर्षभरात गाडी सुरू झाली, आणि तिच्यातून पहिली लांबची फेरी मारण्याचा मान, वहिनींनी नकार दिल्यामुळे, मला मिळाला.

आम्ही पेठच्या रस्त्याला लागलो. सपाटीवर गाडी झकास पळाली. घाटाच्या चढाला मात्र तिचा दम निघू लागला, आणि टोमॅटोचे क्रेट रचून गुजरातकडे निघालेल्या एका पिकअपने आम्हाला मागे टाकले. टाकता टाकता चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले, "काका, धक्का देऊ का?" मला फार ओशाळल्यासारखे झाले. नाना मात्र पेठ येईपर्यंत हसत होते. तिथे चहा पिताना ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "साहेब, हिचं इंजिन चांगलं आहे. हिला श्वास कमी पडतो." वहिनींना ही हकीकत सांगण्याची चूक मी केली. पुढे वर्षभर गाडी बाहेर निघाली की त्या विचारीत, "आज टोमॅटोवाले कुठपर्यंत पोचलेत?"

श्वासाचा उपाय म्हणजे सुपरचार्जर. नानांनी तो मला असा समजावला: "बागेतला ब्लोअर हवा बाहेर फेकतो ना? हा हवा इंजिनाच्या आत कोंबतो. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनालाच जोर देतो." त्यांच्या मुलीने परदेशातून दोन फेऱ्यांत, साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून, तो सगळा संच आणला. "लोकांचे वडील चॉकलेट मागतात, माझ्या वडिलांना लोखंड लागतं," असे ती म्हणाली. "ॲल्युमिनियम आहे," नाना म्हणाले. संचाबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तिका होती. नाना ती घेऊन माझ्याकडे आले. "चित्रं मला कळतात, साहेब. मधली वाक्यं कळत नाहीत. घाटात त्या पिकअपला एकदा मागे टाकायचंय, बस. मग विकून टाकू."

अशा रीतीने माझे निवृत्तीनंतरचे पहिले, आणि खरे सांगायचे तर आयुष्यातले सर्वांत आनंदाचे, काम सुरू झाले. मी घरी बसून दोन-दोन पाने मराठीत उतरवीत असे आणि दुपारी शेडमधल्या स्टुलावर बसून वाचून दाखवीत असे. नाना गाडीवर ओणवे होऊन ऐकत. पुढची पायरी आधी वाचलेली त्यांना चालत नसे. "हे होऊ दे, मग पुढचं." न्यायालयातली सवय सुटली नव्हती म्हणून वहीच्या प्रत्येक पानाखाली मी 'मूळ मजकुराचे खरे भाषांतर' असे लिहून सही करीत असे. नानांना त्याची फार गंमत वाटे. काही अडले की ते हात पुसत विचारीत, "सही आहे ना खाली?" "आहे." "मग प्रश्न मिटला."

संचातली मुख्य बैठक, जिच्यावर तो सुपरचार्जर बसतो, ती इंजिनाला जोडायची पायरी गेल्या वर्षी गणपतीच्या थोडी आधी आली. प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळायचा याचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. तो मोजणारा एक लांब पाना असतो, त्याला टॉर्क रेंच म्हणतात. नानांचा पाना सहकाऱ्यांनी निवृत्तीच्या वेळी भेट दिलेला होता. त्याच्या मुठीवर आकडा लावायचा आणि आवळत जायचे. तेवढा जोर झाला की तो 'टक्' असा आवाज करतो. काम झाले की नाना मूठ उलटी फिरवून तो खालच्या टोकाच्या आकड्यावर आणून ठेवीत. आकड्यावर तसाच सोडला तर आतली स्प्रिंग थकते, असे ते सांगत, आणि यात त्यांचा कधी खाडा झालेला मी पाहिला नव्हता.

पहिला बोल्ट. नाना आवळत होते. मधेच थांबले. "साहेब, हात पुरे म्हणतोय. किती लिहिलंय?"

"चोवीस."

"परत बघा."

मी परत पाहिले. वहीत पाहिले. पुस्तिका माझ्या मांडीवर होती, पण मी वहीतच पाहिले. "चोवीसच आहे, नाना."

"सही?"

"आहे."

"मग चोवीस," म्हणून त्यांनी पुन्हा जोर लावला. टक् आलेच नाही. पाना एकाएकी हलका झाला आणि गोल फिरू लागला. नानांनी बोल्ट हळूच काढला, तेव्हा त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमची एक बारीक, चमकदार तार वेटोळी होऊन बाहेर आली. इंजिनातल्या भोकाचे आटेच सोलून आले होते. ती तार त्यांनी तळहातावर घेतली, उजेडात धरली आणि वहिनींशी ज्या अहिराणीत बोलत त्या अहिराणीत, मला नव्हे, कोणालाच नव्हे, ते म्हणाले, "मन्हा हात गया आते." माझा हात गेला आता.

मी म्हणालो, नवे आटे बसवता येतील ना? त्यांनी मान हलवली. येतात, दुसऱ्यांची अशी शेकडो भोके त्यांनी दुरुस्त केली होती. पण त्या दिवशी त्यांनी इंजिनावर जुनी चादर पसरली, पाना आकडा न उतरवता पेटीत ठेवला, आणि ती चादर पुन्हा काढली नाही. आम्ही पुढेही रोज शेडमध्ये बसत होतो. चहा येई, चहा संपे. एकदा वहिनी कुंपणापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, यांना झालंय काय? मोरीतला नळ गळतोय, तर म्हणतात प्लंबर बोलाव. यांनी प्लंबर बोलवायचा?" लोणच्याच्या बरणीचे झाकणही आता वहिनीच लावू लागल्या होत्या.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, त्यांना उमेद यावी म्हणून, मी पुढची पाने उतरवायला बसलो आणि मागचे एक पान सहज उलटले. पुस्तिकेत प्रत्येक आकडा दोन वेगळ्या मापांत, दोन रकान्यांत दिलेला होता. आधीच्या सगळ्या पानांवर नानांच्या पान्याचे माप डावीकडे होते. त्या एका पानावर ते उजवीकडे होते. मी सवयीने डावीकडचा रकाना उतरवला होता. चोवीस हा आकडा दुसऱ्याच मापातला. नानांच्या पान्यावर लावायचे होते अठरा. हाताने 'पुरे' म्हटले ते अठरालाच म्हटले असणार. चाळीस वर्षांचा हात बरोबर होता, आणि माझ्या सहीसाठी त्यांनी त्याचे ऐकले नव्हते.

त्याच संध्याकाळी सांगायचे ठरवून मी गेलो, तर प्लंबर आलेला होता. दिवाळीत सांगायचे ठरवले, तर मुलगी आली होती, आणि तिच्यासमोर... असे मी स्वतःला पटवले. संक्रांतीच्या सुमारास एकदा शेडमध्ये आम्ही दोघेच होतो. मी सुरुवात केली, "नाना, त्या चोवीसच्या आकड्याचं जरा..." ते लगेच म्हणाले, "आकड्याचं काय? आकडा बरोबरच असणार, तुमची सही आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हात म्हातारा झाला, साहेब. व्हायचाच." एवढे म्हणून त्यांनी माझ्या कपात आपल्या कपातला थोडा चहा ओतला. वाक्य पुरे करायला मला आणखी चारच शब्द लागले असते. मी चहा प्यायलो.

दहाव्याला टूलरूममधली माणसे आली होती. कोणी त्यांच्या हाताविषयी बोलले, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "शेवटी हात थकला होता त्यांचा. त्यांना स्वतःलाच कळलं होतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथेही होतो, आणि तिथेही बोललो नाही. पुढे आवराआवर करताना तो पाना वहिनींनी मला आणून दिला. "तुम्हीच ठेवा. तुम्ही दोघांनीच वापरलाय."

तेव्हा मी हा मजकूर लिहायला घेतला, आणि पाठवण्यापूर्वी वहिनींना वाचून दाखवला. मनात अशी काही आशा होती की त्या रागावतील, किंवा क्षमा करतील. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, साहेब? त्यांना सांगायचं होतंत." थोड्या वेळाने, "छापायचं तर छापा. हात चांगला होता एवढं तरी लोकांना कळेल." आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही.

गाडी शेडमध्ये आहे. ती आता पहिल्यासारखीही चालत नाही आणि नव्यासारखीही नाही. ते आटे बसवणारे कोणी आणावे असे वहिनींना वाटत नाही, आणि सुचवण्याचे तोंड मला नाही. वहीतले चोवीस खोडून मी अठरा लिहिले, खाली सही केली, आणि नंतर ती सहीही खोडली. पाना माझ्या टेबलावर आहे. त्याच्या मुठीवर अजून चोवीस आहे. मूठ उलटी फिरवून तो आकडा उतरवायला हवा, आतली स्प्रिंग थकते, हे मला माहीत आहे. दोनदा हातात घेतला आणि परत ठेवला. प्लंबर आलेली संध्याकाळ होती, दिवाळी होती, संक्रांतीचा तो कप होता, आणि त्यांच्यामधले सगळे साधे दिवस होते. तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना केव्हा सांगितले असते?