लंडन ते फ्रँकफर्ट, दीड तास

शाप, तळतळाट असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. केमिस्ट्री शिकलेली बाई मी, लॅबमध्ये नोकरी करणारी. तुम्ही हसलात तरी चालेल… पण हे घडलंय.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. न्यू जर्सीत आयसेलिनला आम्ही राहायचो, खालच्या मजल्यावर भालूकाका आणि नलूकाकू. ओळखीतल्या सगळ्यांची तिकिटं काकाच ठरवायचे. विमानांच्या वेळांचं जाडजूड पुस्तक कायम मांडीवर. साताऱ्याहून फोन आला - बाबांचं काही खरं नाही.

काका म्हणाले, "शुभा, लंडन, मग फ्रँकफर्ट, तिथून मुंबई. लंडनहून सकाळच्या फ्लाइटला सीट नाही, संध्याकाळची घे. चारशे मैल तर आहे, दीड तासात पोचशील!"

लंडनच्या एअरपोर्टवर अकरा तास खुर्चीत बसून काढले. संध्याकाळी तिथेच राहणारी काकांची बहीण आली, भाचीच्या लग्नाचा डिनर सेट माझ्याबरोबर पाठवायला. भोळेपणानं म्हणाली, "सकाळी सीट होती गं, पण मला ऑफिस होतं. दादा म्हणाला, शुभा थांबेल."

मी साताऱ्याला पोचले तेव्हा बाबांना नेलं होतं. डिनर सेट मात्र धडधाकट पोचला.

परत आल्यावर काकांना एका शब्दानं बोलले नाही. पण रोज देवापुढे उभी राहायचे - हो, मीच! - आणि म्हणायचे, त्या दीड तासात या माणसाला माझे अकरा तास भोगायला लाव.

पुढच्या उन्हाळ्यात काका-काकू युरोप बघायला गेले. परतले ते काका वेगळेच. मांडीवर पुस्तक नाही. काकूंनीच सांगितलं, "लंडनहून फ्रँकफर्टला निघालो. मी सँडविच खाल्लं, डुलकी काढली, उतरलो. बघते तर यांचे गाल काटेरी! सकाळीच गुळगुळीत दाढी केली होती. यांचं घड्याळ साडेनऊ तास पुढे."

काका खालच्या आवाजात म्हणाले, "खिडकीबाहेर तोच ढग होता. हिला हलवलं, हाका मारल्या… कुणी बघेचना. अकरा तास, शुभा."

मी चहा ओतत होते. कप काठोकाठ भरून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यानंतर काका विमानात बसले नाहीत. दोन वर्षांनी मिरजेला त्यांची आई अत्यवस्थ झाली. बॅग भरून एअरपोर्टवर गेले आणि गेटवरून माघारी आले. अग्नी चुलतभावानं दिला. आम्ही भेटायला गेलो तर माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. "जाता आलं नाही गं मला…"

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "मी गेले होते, काका. तुम्ही पोचू दिलं नाहीत."

त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिलं. सगळं समजलं त्यांना.

विमानात काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. सायन्समध्ये शोधलं, सापडलं नाही. लोक म्हणतात, सूड घेऊन शेवटी हाती काही लागत नाही. मला तर त्या रात्री, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, शांत झोप लागली.