अपडेट आलं तो आठवडा

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी पुन्हा साचतात: धूळ आणि किस्से. सिल्वासात मी दुकान टाकलं ते उघडून-बिघडवून शिकलेल्या अकलेवर. सोबतीला किलवणीची मनीषा. तिनं रीतसर कोर्स केलाय, म्हणून खरी डॉक्टर तीच. मी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतो! मध्यंतरी एक बिघडलेलं अपडेट आलं आणि आठवडाभर दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. डिस्क काय, दुरुस्त होतात. थक्क केलं ते माणसांनी.

*

पहिले आले सावंत भाऊसाहेब. मूळचे दापोलीचे, इथे सरकारी कचेरीत क्लार्क. अपडेटनंतर घरच्या कॉम्प्युटरची डिस्क भरून तिची पट्टी लाल झालेली. जागा करायला त्यांनी दोन दिवस बसून मुलीचे लहानपणापासूनचे फोटो एकेक करून उडवले होते.

"काळजावर दगड ठेवला हो! तरी मेली जागा होईना!"

मनीषानं आधी अपडेटनं मागे सोडलेली जुन्या सिस्टीमची अडगळ काढली. जागाच जागा! मग रिसायकल बिन उघडली. मुलगी जशीच्या तशी आत, रांगण्यापासून पदवीपर्यंत. भाऊसाहेब खुर्ची ओढून स्क्रीनला चिकटूनच बसले.

"सरकारी सवय कामाला आली बघा," मी म्हटलं. "फाईल टेबलावरून हलली, पण ऑफिसातून बाहेर गेली नाही!"

*

अथालचे एक पॅकिंगवाले शेठ आले ते अकाउंटंटला गाडीत घालूनच. डी ड्राइव्ह गायब, आणि शेठचा चेहरा असा, की जणू अकाउंटंटनंच ती चोरली!

मनीषानं ड्राइव्हचं पुसलं गेलेलं अक्षर परत दिलं. दहा सेकंदांत सगळं हजर.

"बस? एटलुंज? एवढंच?" शेठ म्हणाले.

"ड्राइव्ह घरातच होती, शेठ," मी म्हटलं. "दारावरची पाटी पडली होती."

अकाउंटंटनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पाटी तिची पडली आणि शिव्या मी खाल्ल्या!"

*

शिरपूरचा एक सुपरवायझर. अपडेटनंतर लॅपटॉप अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागत बसला. ती दिल्याशिवाय डिस्क उघडणार नाही. विकताना मी बजावलं होतं, "हा नंबर लिहून ठेवा." तेव्हा हा हसला होता.

त्यानं घाबरत घरी फोन लावला. बायको म्हणाली, "थांबा, लग्नाचा अल्बम काढते." अल्बमच्या शेवटच्या पानावर नंबर! तिनं अठ्ठेचाळीस आकडे खणखणीत वाचले, मनीषानं टाइप केले, डिस्क पहिल्याच फटक्यात उघडली.

मी फोन घेतला. "वहिनी, कमाल केलीत! पण अल्बममध्ये का?"

"यांना लग्नाची तारीख आठवत नाही, भाऊ. अल्बम हे कधी उघडणार नाहीत, म्हणजे नंबर हरवणारही नाहीत!"

*

एका कारखान्याच्या गेटवर खानवेलचे लक्ष्मणकाका वॉचमन आहेत. त्यांच्या केबिनमधला कॉम्प्युटर अपडेट होता होता अडकला. मी पोचलो तर काका घामानं निथळताहेत आणि पंखा बंद! लाइट गेलेली. इन्व्हर्टर फार वेळ पुरणार नाही म्हणून पंखा बंद करून त्यांनी सगळी वीज कॉम्प्युटरला ठेवलेली. सकाळपासून!

"काका, बंद करायचं ना सरळ!"

त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "त्यावर लिहिलंय, बंद करू नका. मी ड्यूटीवर आहे."

मध्येच बंद केलेल्यांच्या डिस्क तेव्हा माझ्या काउंटरवर रांगेत पडल्या होत्या. काकांची वाचली.

*

आणि हा किस्सा धागा रंगवण्याच्या कारखान्यातला. तिथे आधार आप्पा नावाचे रंगमास्तर, धुळ्याकडचे. कुठल्या छटेला कुठला रंग किती, सगळं डोक्यात. मॅनेजरनं वर्षभर त्यांच्या शेजारी बसून एकेक आकडा विचारून कॉम्प्युटरमध्ये भरला, आणि मग गोड आवाजात सांगितलं, "आप्पा, महिनाअखेरपासून घरीच विश्रांती घ्या आता." आप्पा मात्र रंग तोलताना ती फाईल कधीच बघत नसत.

त्यातच अपडेट आलं आणि डिस्क दिसेनाशी झाली; ती न्यायला मला बोलावलं. नेमकी त्याच दिवशी कारखान्याच्या सर्वांत खपणाऱ्या मरूनची ऑर्डर! मॅनेजर आप्पांच्या मागे कागद-पेन घेऊन उभा राहिला. आप्पा तोलत गेले, तो लिहीत गेला. धागा बाहेर आला, उन्हात नमुन्याशेजारी धरला. कुठला कोणता, ओळखू येईना! मी बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मनीषानं फाईल अख्खी परत मिळवली. आम्ही दोघं ऐटीत ती द्यायला गेलो. मॅनेजरनं कालचा कागद ताडून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"मरूनमध्ये लालचा आकडा वेगळा आहे. आप्पा, फाईलप्रमाणे काढला असता तर?"

"विटकरी आला असता," आप्पा चहा पीत म्हणाले.

"पण फाईलमधला आकडा तर तुम्हीच सांगितला होता!"

मनीषा माझ्याकडे बघू लागली. आमची हुशारी म्हाताऱ्याच्या मुळावर आली होती!

आप्पांनी कप शांतपणे खाली ठेवला. "काय माहीत, साहेब. अपडेटमध्ये बदलला व्हई!"

मॅनेजर माझ्याकडे वळला. "असं होतं?"

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"साहेब, या अपडेटचा काही भरवसा नाही. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, बॅकअप ठेवा. तुमचा तर चहासुद्धा पितो!"